पलीकडच्या खोलीतलं रडणं

माझ्या मुलीचं पहिलं रडणं मी ऐकलं, तेव्हा ती श्वासच घेत नव्हती. हे मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय. दर वेळी ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे हिचं सगळं ठीक आहे ना, अशा अर्थाने. म्हणून आता तोंडी सांगायचं सोडून दिलं आहे. लिहिताना निदान मध्ये कोणी तोंड घालत नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत संगीत शिकवते. संगीत म्हणजे रोजची प्रार्थना, स्वातंत्र्यदिनाची समूहगीतं आणि स्नेहसंमेलनाच्या वेळी नाचाच्या बाई आजारी पडल्या तर नाचसुद्धा. पेटी मात्र मी मनापासून वाजवते आणि तिच्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठलाही आवाज कानावर पडला की तो पेटीवर कुठे बसेल हे डोकं आपोआप शोधायला लागतं. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या काकूंनी मुलांना मारलेली हाक, काहीही. नवऱ्याचं घोरणं खालच्या पांढरी तीनमध्ये आहे, हे मी त्याला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि त्याने ते अजून मनातून काढलेलं नाही. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला आहे. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकून आलेल्या माणसाला घरी कुठल्याच सुराचं कौतुक राहत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून मी नाशिकरोडहून पंचवटीत आईकडे आले होते. रिक्षाने जाता येईल असलं माहेर. पण आईने ते असं काही सजवलं होतं की मी परदेशातून आलेय असं वाटावं. दिवस थंडीचे होते. नाशिकची थंडी म्हणजे फरशीवर पाय ठेवला की पोटातलं बाळही पाय आखडून घ्यायचं, किंवा मला तरी तसं वाटायचं.

कळा सुरू झाल्याचं कळवल्यावर सिन्नरजवळच्या गावाहून आबा आले. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गुराढोरांमुळे घरीच राहिल्या. आबा मनाने फार मऊ माणूस. माझ्या पोटाकडे बघून बोलतानासुद्धा आवाज खाली आणायचे. पण पत्रिकेच्या बाबतीत पक्के हट्टी. गावच्या गुरुजींनी त्यांना बजावलं होतं की दवाखान्याच्या कागदावरच्या वेळेवर जाऊ नका, तिथे ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा तो घड्याळ बघतो. बाळाचा पहिला आवाज आपल्या कानाने ऐका आणि तीच जन्मवेळ धरा. मी त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली होती. आबा, मी आतून ओरडून वेळ सांगू का, असंही विचारलं होतं. ते हसले होते आणि तरीही येताना मनगटावरचं घड्याळ मोबाइलशी जुळवून आले होते.

दवाखाना आमच्याच भागातला, मध्यम आकाराचा. लेबर रूमच्या दाराशी बसायला मनाई होती, म्हणून आबा, आई आणि माझा नवरा पुढच्या बंद खोलीच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसले. आबांनी कान भिंतीकडे केला होता, असं आई नंतर सांगत होती. आतमध्ये मी, एक तरुण डॉक्टर मॅडम आणि एक जाडजूड, वयाने मोठ्या सिस्टर. सिस्टरांनी चष्मा डोक्यावर सरकवला होता आणि तो तिथे आहे हे त्या विसरल्या होत्या, कारण मध्येच त्या तो शोधत होत्या. अशा वेळी माणसाला काय काय दिसत राहतं त्याचं मला नवल वाटतं.

कळांबद्दल लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. दुपार कलली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आता शेवटचं, ताई, लावा जोर," आणि अंगातून काहीतरी मोठं निसटून गेलं. सगळं एकदम हलकं झालं. मी मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

आणि बाळ रडलं.

खणखणीत, लांब रडणं. वरच्या काळी पाचला सुरू झालं, तिथेच टिकलं, शेवटी जरासं चिरकलं आणि खाली घसरलं. मिटल्या डोळ्यांनी मी हसले. मला रडूही आलं. इतके महिने ज्याचा नुसता धक्का कळत होता, त्याचा आवाज हा असा आहे तर, असं मनात आलं. भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला, "आलं! आलं! रडलं बघा!" आणि त्यावर आईचं हसणं. माझा जीव भांड्यात पडला.

"मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

उत्तराऐवजी फडकं घासल्याचा आवाज आला.

मी डोळे उघडले. माझ्या पोटावर काहीतरी ओलं, ऊबदार आणि जड पडलं होतं. सिस्टर ते कोरड्या फडक्याने जोरजोरात पुसत होत्या. त्याचा एक हात माझ्या कुशीवरून खाली लोंबत होता आणि पुसताना तो नुसता हलत होता, ओल्या कपड्याची बाही हलावी तसा. रंग जांभळट. तोंड किंचित उघडं. त्या तोंडातून काहीही येत नव्हतं.

आणि तरीही रडणं पुन्हा आलं.

तेच. वरची काळी पाच, तेवढंच लांब, शेवटी तसंच चिरकलेलं, तसंच खाली घसरलेलं. माझे डोळे त्या उघड्या तोंडावर होते आणि रडणं दुसरीकडून येत होतं. मला खरंच असं वाटलं की माझ्या बाळाचा जीव अंगात न शिरताच बाहेर निघून गेलाय, भिंतीपलीकडे उभा आहे आणि मला आत घ्या म्हणून रडतोय. मी देव, भुतं, दृष्ट यातलं काही मानणारी बाई नाही. पण त्या क्षणी मी ते मानलं, पूर्णपणे मानलं.

"बाहेर रडतंय ते," मी म्हणाले. "बाहेर आहे. आत आणा."

"ताई, शांत पडून राहा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्यांनी नाळ कापली आणि सिस्टरांनी बाळाला उचलून कोपऱ्यातल्या दिव्याखालच्या गरम टेबलावर नेलं.

तिथून पुढे मला सिस्टरांची पाठ दिसत होती आणि डॉक्टर मॅडमचा एक हात. बाळाच्या नाका-तोंडातलं पाणी नळीने ओढून काढल्याचा आवाज आला. मग सिस्टरांनी बाळाच्या तोंडावर छोटा मास्क धरला आणि त्याला जोडलेला रबरी फुगा दाबायला लागल्या. दाबताना त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन." तालाला अगदी पक्क्या.

"छाती वर येत नाहीये," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"मान जरा पडलीय. थांबा." सिस्टरांनी काहीतरी सरळ केलं, मास्क पुन्हा बसवला. "दाब, दोन, तीन."

भिंतीपलीकडे पुन्हा रडणं सुरू झालं. तिसऱ्यांदा, हुबेहूब तेच. त्या दोघींपैकी एकीनेही मान वर केली नाही. म्हणजे या खोलीत हे फक्त मला ऐकू येतंय, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. बाहेर कोणीतरी मोठ्याने फोनवर बातमी सांगत होतं. नवरा असावा. तो एरवी कधी इतक्या मोठ्याने बोलत नाही.

"हां. आली वर," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर मॅडमनी बाळाच्या नाळेचं बेंबीजवळचं टोक चिमटीत धरलं होतं आणि दुसऱ्या हाताचं एक बोट त्या टेबलाच्या काठावर आपटत होत्या. सिस्टरांना ठोके कळावेत म्हणून. हे मला कोणी सांगितलं नाही, पण मला ते लगेच समजलं, कारण आयुष्यभर मी हेच करत आलेय. बोट आपटत होतं ते फार संथ होतं. इतकं संथ की एका ठोक्यानंतर दुसरा येईल की नाही, हे ठरलेलं नव्हतं. मी रडणं ऐकायचं सोडलं आणि त्या बोटाकडे बघत राहिले. माझा सगळा देव त्या बोटात होता. दाब, दोन, तीन. ठोका. दाब, दोन, तीन. ठोका, ठोका. मग हळूच लय वाढली. आधी मला वाटलं की मला भास होतोय. मग बोट जरा घाईने आपटायला लागलं, मग अजून घाईने, आणि मग इतकं जलद की डॉक्टर मॅडमनी आपटणं थांबवून नुसतं "छान, छान" म्हटलं.

तिकडून एक उचकीसारखा आवाज आला. मग थोड्या वेळाने दुसरा.

"घेतला," सिस्टर म्हणाल्या. "घेतला बघा श्वास."

वरच्या मजल्यावर न्यायच्या आधी त्यांनी तिला माझ्याजवळ आणलं, दोन क्षणच. मुलगी होती. पांढुरकी, गालांवर अजून जांभळी छटा. डोळे टक्क उघडे. ती श्वास घेत होती, पण रडत नव्हती. नुसती बघत होती.

"रडली का नाही ती?" मी विचारलं.

"श्वास घेतेय, ते महत्त्वाचं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"पण आधी रडली ना. मी ऐकलं."

त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "नाही, ताई. ती रडली नाही."

बाहेर आबांनी तळहातावर बॉलपेनने वेळ लिहून ठेवली होती आणि माझा नवरा पेढे आणायला गेला होता. तो परत आल्यावर डॉक्टर मॅडमनी तिघांना उभं करून सांगितलं. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती, शेवटी शेवटी ती आवळली गेली. पोटात असताना फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. बाहेर आल्यावर ते पाणी सरकवून पहिला श्वास ओढायला बाळाला फार ताकद लागते, नव्या फुग्यातली पहिली फुंकर असते तशी. हिची ताकद कमी पडली, म्हणून आपण बाहेरून श्वास दिला. आता ती स्वतः घेतेय, पण वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवून लक्ष ठेवायला लागेल.

आबांनी हात जोडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, पण लेकरू तर चांगलं खणखणीत रडलं. आमी समद्यांनी ऐकलं."

"नाही आबा. जन्मल्यावर ती रडलीच नाही."

"दुसरं कोणाचं असेल," माझा नवरा म्हणाला.

डॉक्टर मॅडम खरं बोलणाऱ्या होत्या आणि त्यामुळे सगळं बिघडलं. "आज सकाळपासून इथे दुसरी डिलिव्हरी झालेलीच नाही," त्या म्हणाल्या.

आबा तळहाताकडे बघत राहिले. "मग जे रडलं," त्यांनी विचारलं, "ते कुठं हाय?"

हा प्रश्न आईने मला नंतर जसाच्या तसा सांगितला आणि पुढचा अख्खा दिवस तो माझ्या छातीवर बसून होता. डॉक्टर मॅडमना दुसऱ्या दवाखान्यात जायचं होतं, त्या गेल्या. सिस्टरांची पाळी संपली, त्याही गेल्या. नंतर आलेल्या कोणाला काहीच माहीत नव्हतं. बाळ जन्मतः रडलं नाही, असं सगळ्या कागदांवर होतं आणि आम्हा चौघांच्या कानांत ते रडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला चाकाच्या खुर्चीवरून वर नेलं. त्या खोलीत काचेच्या तीन पेट्या होत्या आणि दोन रिकाम्या होत्या. तिसरीत ती होती. नाकात ऑक्सिजनची बारीक नळी. पोट भराभर वरखाली होत होतं आणि मध्येच थांबत होतं. थांबलं की मीही थांबायची. मग पुन्हा भराभर. तिथली नर्स म्हणाली की नवी बाळं अशीच दम घेत घेत श्वास घेतात, घाबरू नका. मी तासभर तिथे बसले. तेवढ्या वेळात तिने तोंडातून एकही आवाज काढला नाही. एकदा डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं, बसमध्ये समोर बसलेला अनोळखी माणूस पाहतो तसं, आणि पुन्हा मिटून घेतले.

मला तिची भीती वाटली. माया वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मी ज्याचं रडणं ऐकून हसले होते, ते बाळ माझं होतं, त्याला मी ओळखत होते, त्याचा सूर मला पाठ होता. हे मुकं, टक्क बघणारं काहीतरी काचेत ठेवलेलं होतं आणि त्याला माझं म्हणा असं सगळे सांगत होते. मी शास्त्र शिकलेली, शहरात वाढलेली बाई. आबांच्या पत्रिकेची टिंगल करणारी. आणि मी मनात म्हणत होते, बदललंय. काहीतरी बदललंय.

दुपारपर्यंत तिची नळी काढली. वरचे डॉक्टर म्हणाले, आता थोडं थोडं दूध द्यायला हरकत नाही, आईचं मिळालं तर उत्तम. मिळेना. आईने पाठ शेकली, हळिवाची खीर पाजली, स्वतः बसून दाबून पाहिलं, नर्सने दाबून पाहिलं. एक थेंब नाही. नर्स म्हणाली, बाळाला डोळ्यांसमोर आणा. मी आणलं. आणि डोळ्यांसमोर ते टक्क उघडे डोळे आले आणि अंग आणखीच गार पडलं.

तेवढ्यात आबा आत आले आणि पायथ्याशी बसले. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"सूनबाई," ते म्हणाले, "मुलगा का मुलगी, माझं कायबी म्हणणं नाय. पण आपलं ते आपलं पाहिजे. जे रडलं ते माझ्या कानात हाय. हे दवाखानेवाले लय गोड बोलत्यात, पण कायतरी घोळ हाय. गावाकडून माणसं निघाली हायेत, जीप भरून. आले की इचारू आपण."

जीप भरून माणसं येतात तेव्हा नुसतं विचारून परत जात नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याचा चेहरा उतरला. "आबा, आधी थांबवा त्यांना," तो म्हणाला.

"थांबवतो. हिनं सांगावं." आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आत व्हतीस. तू ऐकलं का नाय ऐकलं?"

नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. आई डोळ्यांनी मला नाही म्हण, नाही म्हण असं सांगत होती. पण नाही म्हटलं असतं तर भिंतीपलीकडचं ते बाळ कायमचं बाहेर राहिलं असतं, असं मला वाटलं. हे कोणाला कसं समजावणार?

"ऐकलं," मी म्हणाले. "तीनदा."

आबा उठले आणि बाहेर गेले. दारातच त्यांची गाठ कालच्या सिस्टरांशी पडली. त्या नुकत्याच कामावर आल्या होत्या, स्वेटरही अंगावरच होता. आबा आवाज चढवून बोलायला लागले. सिस्टरांनी सगळं ऐकलं, मग मला विचारलं, नवऱ्याला विचारलं, आणि शेवटी आबांना म्हणाल्या, "तुम्ही बसला कुठे होतात काल?"

"त्या बाकावर. त्या बंद खोलीपाशी."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला, चष्म्यासकट. "अहो बाबा, ती बंद खोली नाही," त्या म्हणाल्या. "चला. ताई, तुम्हीपण चला. शाल घ्या."

आई माझा हात धरून चालली. सिस्टरांनी त्या खोलीचं दार उघडलं. आत टेबलाभोवती पाच-सहा तरुण नर्स उभ्या होत्या आणि एक मॅडम त्यांना काहीतरी समजावत होत्या. टेबलावर फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं.

आबांच्या तोंडून "अगं आई" असा आवाज निघाला.

बाहुली होती ती. नव्या नर्सना, जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे शिकवण्यासाठी आणलेली. कालपासून दुपारचा हा वर्ग चालला होता. बाहुली पण कसली! अंगात पाणी भरलेलं, त्यामुळे उचलली की मान खऱ्या बाळासारखी कलंडायची. नाळेचा तुकडाही होता आणि मॅडमनी कुठेतरी दाबलं की तो नाडीसारखा उडायचा. मॅडमनी ती आबांपुढे धरली, "बघा घेऊन, काही होत नाही," म्हणून हसल्या. आबा दोन पावलं मागे सरले. त्यांचा चेहरा बघून मॅडमचं हसू विरलं.

"ते रडणं लावा जरा," सिस्टर म्हणाल्या. "काल दुपारी लावलेलं. मला आत ऐकू येत होतं, पण असले वर्ग मी कितीतरी पाहिलेत, मला सवय आहे ओ याची, मी लक्षच दिलं नाही."

मॅडमनी बाहुलीच्या पाठीशी हात नेला.

वरची काळी पाच. लांब. शेवटी चिरकलेलं. खाली घसरलेलं.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, का ते त्यांनाही कळलं नसेल. "हेच," ते म्हणाले. "हेच व्हतं."

बाहुलीचे डोळे रंगवलेले होते आणि तोंड उघडं होतं. त्या तोंडातून माझ्या बाळाचा आवाज येत होता. कालपासून ज्याला मी शोधत होते ते सापडलं होतं आणि ते रबराचं होतं.

"हे कोणाचं रडणं?" मी विचारलं.

"बाहुलीत भरलेलंच येतं ते," मॅडम म्हणाल्या. "कुठल्यातरी खऱ्या बाळाचंच असणार. कुठलं, काय, ते आपल्याला कसं कळणार? आता मोठं झालं असेल ते." आणि मला नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी पुन्हा एकदा लावलं.

माझ्या छातीत आतून कळ आली. काहीतरी ओढलं गेलं, आवळलं आणि सुटलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने शाल पुढे ओढली. गाऊन समोरून भिजला होता. दूध वाहत होतं, दोन्हीकडून, शालीवर, खाली फरशीवर. पान्हा फुटला होता.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि इतका रागही आला नव्हता. वर पोटची पोर काचेत उपाशी होती, तिच्याकडे बघून अंग दगड झालं होतं, आणि इथे एका रबरी बाहुलीकडे ते आई होऊन धावलं. मी मॅडमवर ओरडले, "बंद करा ते!"

"अजिबात बंद करू नका," सिस्टर म्हणाल्या. "वाजू द्या. अगं, एक जण स्टीलची वाटी आणा, उकळलेली. पळा. ताई, इकडे बसा."

कोपऱ्यात पडदा लावला. नर्स भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी खुर्चीवर बसले, सिस्टरांनी वाटी धरली, आईने मला मागून सावरलं. पडद्यापलीकडे बाहुली रडत होती, थांबत होती, मॅडम तिला पुन्हा रडवत होत्या. दर वेळी तोच सूर, तेच चिरकणं. आणि दर वेळी माझं अंग नव्याने फसत होतं. वाटीत दुधाचे थेंब वाजत होते आणि मी हुंदके देत होते. बाहेर आबा फोनवर जीपवाल्यांना सांगत होते, "फिरा माघारी. नाय, कायबी घोळ नाय. बाहुली व्हती. अरे, बाहुली रं! आता फोनवर काय सांगू तुला?"

वाटी घेऊन आम्ही वर गेलो. सिस्टरांनी पेटी उघडली, तिला उचलून माझ्या मांडीवर दिलं. ती बाहुलीपेक्षा लहान दिसत होती. मी हे मनात म्हटलं आणि मला स्वतःची शिसारी आली. सिस्टरांनी चमच्याच्या टोकाने एक थेंब तिच्या ओठांत सोडला. तिने डोळे उघडले. थेंब आत गेला. दुसरा सोडला, तोही गेला. तिचा इवलासा गळा हलताना मी पाहिला. तिसरा, चौथा. मग सिस्टर चमचा पुन्हा भरून घ्यायला वळल्या.

तेवढ्यात कुठेतरी एक बाळ रडलं. बारीक, खरखरीत, कुठल्याच सुरात न बसणारं, मध्येच तुटणारं. मी कधीच न ऐकलेलं. कोणाचं बाळ रडतंय म्हणून मी मान वळवून मागे पाहिलं. मागे दोन रिकाम्या पेट्या होत्या.

"तिकडे काय बघताय, ताई?" सिस्टर म्हणाल्या. "तुमचीच रडतेय. घ्या तिला जवळ."